घूस आणि कुरडू

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं आणि बाबांच्या कचेरीत विचारणा झाली: इथंच राहता, की मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जाता? बाबांना जायचं होतं. आईला हैदराबादेतला आमचा गौलीगुडा सोडायचा नव्हता. मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मी दोघांवरही फुगून होते.

भांडण मात्र चाले ते घुशीवरून. आमच्या भाड्याच्या घराच्या परसात एका घुशीनं बीळ करून मातीचा हा एवढा ढीग उपसला होता. त्या मोकळ्या मातीत रानातली कुरडू उगवली होती, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांची.

"आपण इथं घुशीसारखे," बाबा म्हणत. "परक्याच्या घरात कितीही पोखरा, मालक काठी घेऊन येणारच."

"घूस असाल तुम्ही," आई भाकरी थापता थापता म्हणे. "मी कुरडू. कुणी पेरली नाही तरी इथं रुजले."

"कुरडूला कोण विचारतं? गुरं खातात."

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्या ताटात कुरडूचीच भाजी वाढली. बाबांनी मुकाट खाल्ली, वर आणखी मागितली.

खरं तर कुरडूला विचारणारी होती. शेजारची तेलुगू अक्का दर वर्षी बतुकम्माच्या सणाला ते तुरे नेई. फुलांची उतरंड रचून बायका भोवती फेर धरत. आईही त्यात असे, निम्मं गाणं चुकत.

त्या वर्षी ऐन सणाच्या तोंडावर बाबांना काय अवदसा आठवली कोण जाणे. घर सोडण्याआधी घुशीचा निकाल लावतो म्हणून त्यांनी बिळात बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. घूस बिळाच्या दुसऱ्या तोंडानं निघून आरामात चालती झाली. ढीग खचला आणि सगळी कुरडू चिखलात लोळली. तेवढ्यात अक्का टोपली घेऊन दारात. चिखलाकडे बघून ती रिकाम्या टोपलीनंच परत फिरली. आई चिखलातले तुरे वेचायला बसली.

बाबांनी सायकल काढली. संध्याकाळी नामपल्लीपलीकडच्या माळावरून कॅरियरला कुरडूचा भारा बांधून आले. धोतरभर कुसळं. भारा त्यांनी अक्काच्या ओट्यावर ठेवला.

"इत्ते फूलां कायकू लाए, भाईसाब?" अक्का म्हणाली. "आप तो जा रहे ना?"

"कौन बोला?" बाबा गुरकावले.

आई आमच्या दारात उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसायला लागली, ती थांबेचना. मलाही इतकं हलकं वाटलं की माझा फुगा तिथंच फुटला.

दोन दिवसांनी परसात पुन्हा ताजी माती दिसली. मी धावत जाऊन बाबांना काठी आणून दिली. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली.

"उकरू दे तिला," म्हणाले. "पुढच्या वर्षी अक्काला फुलं लागतील."