मी काढलेली शेवंतीकाकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मला नीट सांगता येणार नाही.

मुंबईला कलाशाळेत गेले तेव्हा मी फक्त आमचं दिवेआगर काढायचे. आईची चूल, मागची कर्दळ, शेजारच्या शेवंतीकाकूचे सुपारी सोलणारे हात. काकू एकटी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एवढीशी पोफळींची वाडी. मला अंगाखांद्यावर खेळवलं ते तिनंच.

दुसऱ्या वर्षी सर माझ्या चित्रांपुढे थांबले. "हात चांगला आहे. पण घराबाहेर कधी बघणार? समाज कुठाय यात?" वर्ग हसला. ते हसणं मला फार लागलं — पण म्हणून काय झालं? लागतं सगळ्यांनाच.

मग चक्रीवादळ आलं. कॉलेज बंद होतं, मी गावातच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काकूची वाडी आडवी, घरावर कौल नाही. ती एका पडलेल्या पोफळीवर बसलेली. मी धावत गेले — तिच्याकडे नाही, वही आणायला.

तिनं पाहिलं. "काढ गो, काढ. कळू दे लोकांना, काय झालंय आमचं."

पुढे कॉलेजात त्यावरून मोठं चित्र केलं. पण ते जमेना. काकू फार नीटनेटकी दिसत होती. दुःख कमी पडतंय — हो, अगदी ह्याच शब्दांत विचार केला मी. आणि मग...

चित्रात मी तिचा पदर काढून टाकला. ब्लाउज फाडला. छाती अर्धी उघडी ठेवली. खरं तर त्या सकाळीही ती डोक्यावरून पदर घेऊन, अंग चापूनचोपून झाकून बसली होती. चेहरा मात्र तिचाच ठेवला. कुणीही ओळखावा असा.

चित्राला बक्षीस मिळालं. सरांनी पाठ थोपटली. पेपरात छापून आलं, आणि गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरलं.

सुट्टीत घरी गेले तर काकू ओसरीवर आली. आई होती, दोन शेजारणी होत्या.

"पोरी, मी अशी नव्हते गो बसले. सांग ना ह्यांना."

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "काकू, तुला तेव्हा भान नव्हतं. मला दिसलं ते मी काढलं."

तिनं भांडावं, मला शिव्या द्याव्यात — मी त्याच तयारीत होते. पण ती गोंधळली. आठवू लागली. मग अगदी हळू विचारलं, "खरंच?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर ती देवळात यायची थांबली. वाडी पुन्हा लावलीच नाही. चौलला बहिणीकडे गेली. इकडे माझं नाव झालं. समाजाचं दुःख मांडणारी म्हणून मला बोलावणी येऊ लागली, आणि मी जात राहिले.

आई एकदा तिला भेटून आली. भर वैशाखात काकू अंगभर शाल गुंडाळून बसली होती म्हणे. बहीण ती काढायला गेली की काकू दोन्ही हातांनी घट्ट धरायची.

काकू तिथेच वारली. मी चौलला एकदाही गेले नाही.