छोटीचा सूर आणि पंधरा व्होल्ट

काहीही बिघडलेलं पुढ्यात आलं की सप्लायदादा म्हणायचे, "आधी सप्लाय बघू." मग तो रेडिओ असो, इस्त्री असो, नाहीतर शेजाऱ्यांचा रुसलेला जावई. जावयाच्या बाबतीत त्यांनी "त्याला सकाळी नाश्ता मिळतो का?" एवढंच विचारलं होतं, आणि खरोखरच मिळत नव्हता. तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

सोमवारी त्यांची धाकटी बहीण आणि भावोजी आपला जुना सिंथेसायझर दोन्ही बाजूंनी धरून त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात आले. बहिणीने साठी ओलांडली होती, पण दादांच्या लेखी ती अजून छोटीच. तीस वर्षं भावोजी हा पेटारा वाजवत होते आणि छोटी गात होती. त्यांच्या वाद्यवृंदात एक ड्रमवालाही होता, पण त्याचा सुराशी काही संबंध नव्हता. शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम, आणि पेटारा नुसता घूं करत बसलेला.

दादांनी झाकण उघडलं, धूळ फुंकली. एकदम वीज न देता मधे बल्ब जोडला. तो भगभगून पेटला नाही, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. चार कपॅसिटर मात्र पोट फुगवून बसले होते. मीटर लावला तर यंत्र थंड असताना पंधरा व्होल्ट, आणि तापत गेलं तसे साडेचौदा, मग चौदा. व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी चीर होती, बहुधा कारखान्यापासूनचीच. व्होल्ट उतरले की सूर उतरायचा. तासाभरात चांगला अर्धा स्वर.

दादांनी कपॅसिटर बदलले, पायाला नवा डाग दिला आणि यंत्र तीन तास चालू ठेवलं. मग बायकोला पुन्हा हाक मारून मीटर दाखवला.

"मघाशीही पंधराच होते की," ती म्हणाली.

"तेच तर!" दादा म्हणाले.

गुरुवारी तालीम झाली. पहिलं गाणं छान झालं. तिसऱ्याला छोटी घसरू लागली आणि पाचव्याला तर ड्रमवाल्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं. छोटीने वही मिटली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"माझा गळा गेला रे दादा. शनिवारचं गाते आणि बंद करते."

दादांना लख्ख कळलं होतं. तीस वर्षं यंत्र खाली उतरत होतं आणि ही बिचारी त्याला धरून उतरत होती. आता यंत्र जागचं हलेना, आणि हिची सवय सुटेना. पण "छोटे, तीस वर्षं तू बेसूर गायलीस आणि कुणाला पत्ता लागला नाही," हे सख्ख्या बहिणीला सांगायचं कसं? जुनी चीर पुन्हा पाडायला त्यांचा हात धजेना. शेवटी त्यांनी यंत्राच्या पाठीला एक नॉब बसवला. तो फिरवला की व्होल्ट कमी व्हायचे.

शनिवारी दादा मीटर घेऊन यंत्रामागे स्टुलावर बसले. कुणी विचारलं तर "पंखा बघतोय" म्हणायचे. यंत्राला पंखा नव्हता.

दुसऱ्या गाण्यात छोटी किंचित उतरली. दादांनी नॉब किंचित फिरवला. यंत्र उतरलं हे ऐकून छोटी जुन्या सवयीने आणखी उतरली. दादांना वाटलं, हिला आणखी खाली जायचंय. एकमेकांना सांभाळण्याच्या नादात दोघं बहीणभाऊ अशी काही घसरत गेली की सहाव्या गाण्याला छोटीचा आवाज हवालदारासारखा येऊ लागला. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं मशीन काढून ठोकून पाहिलं. साडेअकरा व्होल्टवर पेटाऱ्याने मान टाकली.

भावोजी मुक्या पट्ट्या दाबत राहिले. ड्रमवाल्याने हात आवरले. छोटी अर्ध्या शब्दावर अडकली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग त्यामागे नॉब धरून बसलेल्या भावाकडे पाहिलं. आता धरायला काहीच उरलं नव्हतं. तिने श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा मूळच्या वरच्या सुरात उचलली.

दादा कान टवकारून घसरण्याची वाट बघू लागले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सूर तसूभर हलला नाही. त्यांना इतकी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला, की मीटरवरचे आकडे दिसेनासे झाले. या मुलीच्या गळ्यात कधीच काही बिघडलेलं नव्हतं.

"अहो, चालू करा ना लवकर!" भावोजी घामाघूम होऊन कुजबुजले.

"गप्प बसा हो," दादा म्हणाले. "ऐकू द्या."