तारामतीबाईंचं मागचं दार

नांदेडला तरोड्याकडच्या एका गल्लीत तारामतीबाईंचं घर आहे. घराला दारं दोन. पुढचं शिकलेलं, मागचं अडाणी.

पुढचं दार शिकलं गेल्या वर्षी. गल्लीत कुणाकडे तरी चोरी झाली आणि त्याच आठवड्यात बाईंचा मुलगा अवधूत हैदराबादहून काळं चकचकीत कुलूप घेऊन हजर झाला.

"आई, बघ. बोट ठेवलं की उघडतं. नाहीतर आकडे दाबायचे. ओढून घेतलं की आपोआप बंद. आणि उघडलं काय, बंद झालं काय, मला तिकडं फोनवर कळतं."

"कळून काय करशील? पळत येणार हायेस का तिकडून?"

अवधूत हसला आणि त्यानं घंटीही बसवली. घंटीत कॅमेरा, आणि त्यातून अवधूतचा आवाज. जाता जाता वडिलांसाठी बाईच्या आवाजात बोलणारा डबाही ठेवून गेला. भुजंगराव एसटीत कंडक्टर होते, नांदेड-लातूर करून करून रिटायर झालेले. जन्मभर प्रवाशांवर ओरडलेला माणूस या डब्यापुढे मात्र एकदम मवाळ झाला.

"बाई, जरा बातम्या लावता का?"

"त्या डबड्याला 'लावता का'," आतून तारामतीबाई म्हणाल्या, "आन् मला 'अगं ए, चहा टाक'!"

"ती एका हाकेत ऐकते."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण तारामतीबाई घरी ब्लाउज शिवतात. भोकरहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून शिवतात, आणि गल्लीतल्या बायका तेव्हापासून उघड्या दारानं आत येतात. माप द्यायला येतात, बटण लावायला येतात, बऱ्याचदा कशालाच न येता येतात. पलीकडची शरणम्मा रोज दुपारी चहाला. ही देगलूरची, अघळपघळ, तारामतीबाईंना अक्का म्हणणारी. कुलूप बसलं त्या आठवड्यात ती वाटीभर खीर घेऊन दारात आली तर दारच बोललं.

"कोण आहे?"

"अय्यो!" खीर उंबऱ्यावर, वाटी नालीत, शरणम्मा घरी.

अवधूत तिकडे मीटिंगमध्ये होता. त्यानं आपलं सहज विचारलं होतं. पण गल्लीत बातमी गेली ती अशी, की तारामतीच्या दाराला पोरगा चिकटलाय आणि तो हैदराबादेतून सगळं बघून राहिलाय. मग माप द्यायला कोण येणार? एकीनं तोंडावर सांगितलं, "काकू, तुमचा अवधूत लई गुणी हाय, पण त्याच्यापुढं मी काय छाती मोजून घेणार न्हाई."

"अगं, ते फक्त दारापुरतं दिसतं."

"कुणी सांगितलं? अवधूतनंच ना?"

मशीन थंडावलं. दुपारी घरात बातम्या तेवढ्या चालू. तारामतीबाईंना स्वतःलाही कुलूप घेईना, सुईनं आणि भांड्यांनी बोटाचा ठसा पार गुळगुळीत केलेला. मग एके दिवशी त्यांनी परसात पडलेली एक वीट उचलली आणि स्वयंपाकघरातून परसात आणि तिथनं बोळात निघणाऱ्या मागच्या दाराला बाहेरून लावली. दार लोटलेलं दिसायचं, पण कडी नाही. वीट पायानं सरकवली की माणूस आत. दुसऱ्या दिवशी शरणम्मा आली, तिसऱ्या दिवशी माप आलं, आणि महिन्याभरात परसात चपलांची रांग पुन्हा लागली.

अवधूतचा फोन रोज यायचा.

"आई, मागच्या दाराला कडी घातलीस ना?"

"दार नीट हाय रे."

दार नीट होतंच. त्यात खोटं काहीच नव्हतं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना अवधूत आणि त्याची बायको विनीता आले. आल्या आल्या अवधूतनं शोकेसवर एक खोकं ठेवलं. तसंच काळं, तसंच चकचकीत.

"हे कशाला?" तारामतीबाईंनी विचारलं.

"मागच्या दाराला. विसर्जन झालं की बसवून टाकतो. मग काळजीच मिटली."

तारामतीबाईंनी हातातली करंजी तशीच तेलात सोडली. तेल उडालं. मागचं दारही शिकलं तर शरणम्मा गेली, मापं गेली, दुपार गेली. उरणार मशीन आणि भुजंगरावांची ती बाई. सांगावं तर वर्षभर लपवलेलं उघडं पडतं. न सांगावं तर विसर्जनानंतर स्क्रू बसतात. त्यांनी ठरवलं, आधी लक्ष्म्या घरात येऊ द्याव्यात, मग काहीतरी सुचेल.

आवाहनाच्या दिवशी उंबऱ्यापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवून झाली. या घरची रीत अशी, की लक्ष्म्या यायच्या वेळी आत कुणी बसून राहायचं नाही. सगळ्यांनी अंगणात तुळशीपाशी जायचं, दार लोटून घ्यायचं, तिथनं मुखवटे आणायचे आणि उंबऱ्यावर दार उघडून त्यांना घरात घ्यायचं. शिवाय यंदा तारामतीबाईंचा नवा हुकूम होता.

"फोन इकडं आणा सगळ्यांचे. गेल्या साली लक्ष्म्या कमी आन् फोनच जास्त आत आले."

सगळ्यांचे फोन सुपात घालून देवघरात ठेवले गेले. मंडळी अंगणात आली. तारामतीबाईंच्या हातात ज्येष्ठा, विनीताच्या हातात कनिष्ठा, शरणम्माकडे हळदी-कुंकवाचं ताट, भुजंगरावांकडे पूजेची घंटी. शेवटी पीतांबर नेसलेला अवधूत बाहेर आला आणि रीतीप्रमाणे त्यानं दार ओढून घेतलं.

टिंग.

तुळशीपाशी पूजा झाली. घंटी वाजवत सगळे दाराशी आले. शरणम्मानं ठसक्यात विचारलं, "कोण आलं गं?"

"लक्ष्मी आली," विनीता म्हणाली.

"काय घेऊन आली?"

"धान्य घेऊन, धन घेऊन, लेकरंबाळं घेऊन!"

"मग घ्या की आत!"

अवधूतनं अंगठा ठेवला. कुलूप लाल झालं. अंगठ्याला पट्टी होती, सकाळी नारळ खवताना कापलेला. त्यानं दुसरं बोट ठेवलं, ते नोंदवलेलंच नव्हतं. विनीतानं मुखवटा छातीशी धरून कसंबसं बोट पुढे केलं, ते हळदीनं माखलेलं. तारामतीबाईंचं तर कधीच लागत नव्हतं.

"बाबा, तुम्ही ठेवा."

"माझं बोट तू घेतलंच न्हाईस," भुजंगराव म्हणाले. "'तुम्ही कुठं बाहेर जाता' म्हणलास."

"मग आकडे दाबा ना," विनीता म्हणाली. अवधूत अंगठ्याची पट्टी चाचपत राहिला.

"अवधूत, आकडे."

"सकाळी बदलले. दूधवाल्याला माहीत होते."

"मीच सांगितले," तारामतीबाई म्हणाल्या. "दूध काय भिताडावरनं फेकणार तो?"

"नवे आकडे फोनमध्ये आहेत."

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे देवघरातलं सूप आलं. अवधूतनं आठवून आठवून दोन-तीनदा आकडे दाबले, तशी कुलपातली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि कुलूप मिटूनच बसलं.

"काय म्हणती?" शरणम्मानं विचारलं.

"थोड्या वेळानं या, म्हणते."

"लक्ष्मीला? थोड्या वेळानं या?"

"चावी असती ना याला?" भुजंगराव म्हणाले.

"आहे. शोकेसच्या ड्रॉवरमध्ये. हरवू नये म्हणून."

भुजंगरावांनी घंटी एकदा वाजवली. उगीच.

ऊन चढत होतं. गुरुजींनी दिलेली वेळ सरत आली होती. गल्लीतल्या दोन-चार बायका फाटकाशी जमल्या आणि पदराआडून एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांना वीट माहीत होती. एकीनंही तोंड उघडलं नाही. शरणम्मा तर आकाशाकडे बघत उभी, ढगांत कुणाचा तरी ब्लाउज वाळत घातला असल्यासारखी.

"कंपनीला फोन करतो," अवधूत म्हणाला. "काकू, तुमचा फोन द्या." फाटकाशी उभ्या एकीच्या फोनवरून त्यानं कुलपावरचा नंबर लावला, इंग्रजीत बोलला, हिंदीत बोलला, शेवटी मराठीत चिडला आणि फोन परत केला. "उद्या माणूस पाठवतात."

"तवर या काय अंगणात मुक्काम करणार?" भुजंगराव म्हणाले.

"मागचं दार पण आतून बंद." अवधूतनं कपाळावरचा घाम पुसला. "ते मीच बजावून ठेवलंय आईला. आता खिडकीची काच फोडतो, दुसरा इलाज नाही."

तो दगड शोधायला वाकला. तारामतीबाईंनी हातातल्या मुखवट्याकडे पाहिलं. पितळी मुखवटा उन्हानं तापला होता. शेजारी विनीतानं कनिष्ठा पदरानं झाकून घेतली होती, पहिल्यांदाच धरली होती तिनं. सासूनं आपल्याला ज्येष्ठा दिली तो दिवस बाईंना आठवला. तेव्हा दार सताड उघडं होतं, कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या शरणम्माकडे वळल्या.

"शरणे, ताट ठेव. जा, वीट सरकव आन् आतून दार उघड."

अवधूत दगड हातात घेऊन तसाच सरळ झाला. "कुठली वीट?"

शरणम्मा "कुठली बाई?" म्हणाली खरी, पण म्हणेपर्यंत बोळात पोचली होती. आतून खट् झालं. शिकलेलं दार उघडलं आणि अडाणी दारानं गेलेली शरणम्मा उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाली, "या माय, या. लई वेळ उभं केलं तुम्हाला."

लक्ष्म्या कुंकवाच्या पावलांवरून मखरात गेल्या. घंटी, आरती, सगळं झालं. आणि आरतीचं ताट खाली ठेवून अवधूत थेट मागं गेला.

परसात चपला होत्या. खुंटीवर माप घ्यायची टेप लटकत होती. खिडकीत ब्लाउजांची गाठोडी, एकेकीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. आणि दाराशी ती वीट, सरकून सरकून कोपरे झिजलेली.

तारामतीबाई मागून आल्या. भाजी-भाकरीच्या नैवेद्यासाठी पिठाची परात त्यांच्या हातात होती.

"वर्षभर?" अवधूतनं विचारलं.

"हाव."

"आणि मला रोज 'दार नीट आहे'?"

"नीटच व्हतं. एक चोर आला न्हाई. उलट बायांचा एवढा राबता, चोराला जागा कुठं?"

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू खोकं आधीच आणलं असतंस." बाईंनी परातीत पाणी ओतलं. "तुझं चुकलं असं म्हणत न्हाई मी. पण तुझं दार 'कोण आहे' विचारतं रे. हितं कोण कोणाला असं विचारतं?"

अवधूत विटेवरच बसला. पीतांबरासकट.

"मला चोराचं एवढं काही नव्हतं, आई," तो म्हणाला. "सकाळी सहाच्या सुमाराला दार उघडलं असं फोनवर यायचं. म्हटलं, आई उठली, सडा टाकतेय. तेवढं बघून मी अंघोळीला जायचो."

तारामतीबाईंचा हात पिठात थांबला.

"ते मी न्हाई. तुझे बाबा पेपर घ्यायला उघडतात."

"बाबा?"

"आतून उघडाया बोट कुठं लागतं! मी मागच्या दारानं जाते सडा टाकाया."

अवधूतनं दोन्ही हातांत तोंड घेतलं. खांदे हलायला लागले तशा बाई घाबरल्या, जवळ गेल्या, आणि बघतात तर पोरगा हसतोय. हसता हसता डोळे पुसतोय.

"म्हणजे वर्षभर मी बाबांना बघून अंघोळीला गेलो?"

पुढच्या खोलीतून भुजंगरावांचा आवाज आला, "बाई, जरा आरती लावता का?"

"बंद करा तिला!" मायलेक एकदमच ओरडले.

विसर्जन झालं. खोकं जसं आलं तसं गाडीत परत गेलं. जायच्या आधी अवधूतनं कुलपात काहीतरी केलं, आता दिवसा दार ओढलं तरी ते मिटत नाही. दाराच्या घंटीतल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर शरणम्मानं ब्लाउजच्या चिंधीचा पडदा शिवून घातला, लेससकट.

"सकाळी तेवढा वर करत जा," अवधूत आईला म्हणाला होता.

त्या आठवड्यात एका सकाळी तारामतीबाई पुढच्या दारानं बाहेर आल्या. पडदा वर केला. घंटीच्या त्या डोळ्यात नेमकं कुठं बघायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्या जरा वाकून अगदी जवळ गेल्या.

"उठले रे," त्या म्हणाल्या. "जा, अंघोळ कर."

डोळ्यातून झोपाळलेला आवाज आला, "आई, फक्त नाक दिसतंय."

"बास तेवढं." त्यांनी पडदा खाली सोडला, सडा टाकला आणि मागं जाऊन पायानं वीट सरकवली. आज तीन मापं यायची होती.