सूर धरणारा

मंडळी, आज लय दमलोय, तरी लिहितो.

सकाळी कार्ल्यात लग्नात सनई वाजवत होतो. सनईच्या मागे एकच सूर धरून बसणारा जोडीदार लागतो. मला तो मिळत नाही, म्हणून मोबाइलवर सूर लावून स्पीकरला जोडतो. मंगलाष्टकांच्या जरा आधी कुणाचा तरी फोन आला आणि सूर बंद पडला. मांडवात कुणाला कळलंही नाही.

फक्त नव्वदीचे एक आबा काठी टेकत जवळ आले. "सूर कुटं गेला रं?"

मी मोबाइल दाखवला. ते शेजारी बसले. "तुझा पणजा आमच्या थोरल्या भावाच्या लग्नात आलता. इंग्रजाचं राज व्हतं तवा. अंगात ताप, पर सूर सोडला न्हाई. आमी त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. समदी वाहवा चाल वाजवणाऱ्याची."

घरी येऊन पणजोबांची सनई काढली. एकच सूर निघावा म्हणून त्यांनी तिची भोकं मेणानं बुजवलेली. तीस वर्षं मावळभर लग्नं वाजवली, पण ते मेण एकदाही काढलं नाही.

उद्या बेगडेवाडीला लग्न आहे. सूर धरायला कुणी येईल का? चाल वाजवायला मिळणार नाही, आधीच सांगतो.