पाचवा खुंट

पोलादपूरच्या वर, कुडपणला माझी मावशी राही. आईची चुलत बहीण. तिच्या गोठ्यात शेळ्या बांधायला चार खुंट होते. चारांपेक्षा जास्त झालेलं जनावर शिमग्याआधी विकायचं, भाव असो वा नसो, ही तिच्या सासूपासूनची रीत. मुलगा मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर येई तेव्हा येई. मावशी जगे ती शेळ्यांवर.

मी तेव्हा महाडला शिकत होतो आणि शेतकरी चळवळीची पत्रकं वाचून पेटलो होतो. त्या साली रोगानं शेळ्या मेल्या आणि भाव चढले. मावशीच्या वाचल्या. महाडचा व्यापारी डोंगर चढून दारात आला, तिच्या दोन जादा पाठींना, अजून न व्यायलेल्या तरण्या शेळ्यांना, मागणी घातली. मी मध्ये पडलो.

"मावशी, विकू नकोस. पाठी व्यायल्या की दुप्पट येईल. चारच खुंट, हे कसलं खूळ!"

"चारा चारांपुरताच हाय रे."

"डोंगरभर पाला आहे की."

"डोंगर तुज्या बापाचा हाय काय?" ती हसली. पण शिकलेल्या पोराचा शब्द. तिनं पाचवा खुंट ठोकला, मग सहावा. मी वाडीभर तेच सांगत फिरलो. बाकीच्या वाड्यांनी माझ्याशिवायच तेच केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांनी चैत्रात डोंगरावर पान उरलं नाही. सगळ्यांना एकदमच विकायचं होतं. पोलादपूरच्या बाजारात शेळ्यांमधून वाट मिळेना. तोच व्यापारी मला बघून म्हणाला, "काय पुढारी, आज नाय अडवायचं?"

चाराच नव्हता, म्हणून मावशीनं जुन्या चार शेळ्याही दिल्या, कोंबड्यांच्या भावात. मोकळी दावी खांद्यावर टाकून ती घाट चढली. पुढल्या वर्षी शेळ्या कमी झाल्या, भाव पुन्हा चढला. तेव्हा ती दुसऱ्यांच्या शेतावर रोजानं जात होती.

त्याच वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, व्यापाऱ्यांच्या लुटीवर. त्यात खोटं काही नव्हतं. शेळ्या राखा म्हणून सांगत फिरलेल्या माणसाविषयी मात्र एक ओळ नव्हती. मावशीला वाचता येत नसे. तिनं मला ओटीवर बसवून ते वाचायला लावलं.

"बराबर लिवलास," ती म्हणाली. "मेल्यांनी लुटलाच आमाला. परत वाच."

मी परत वाचलं.