अण्णांना न वाचवलेलं प्रकरण

आमचे अण्णा, व्यंकटराव, तेहतीस वर्षं भोकरकडच्या गावांत तलाठी होते. सातबारा, फेरफार आणि वर्तमानपत्र सोडलं तर त्यांनी जन्मात काही वाचलं नाही. कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे त्यांचं ठाम मत. आईचं अगदी उलटं. एक जुनी प्रेमकथा तिनं लग्नाआधीच चार वेळा वाचलेली.

साखरेनं आधी आईचे डोळे नेले, मग किडन्या. आता आठवड्यातून दोनदा अर्धापूरहून नांदेडला डायलिसिस. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी अण्णांना एकट्याला आत बोलावून सांगितलं, फार दिवस नाहीत. अण्णांनी आईला सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे. मला तेवढं खरं सांगितलं, तेही घराबाहेर नेऊन.

त्याच आठवड्यात आईनं ग्रंथालयातून ती कादंबरी मागवली. मी वाचायला बसले तर म्हणाली, "तू नको. ह्येंनी वाचावं."

अण्णा वाचू लागले ते पंचनाम्याच्या आवाजात. नायक नायिकेचा हात धरतो, ते वाक्य त्यांनी शेताच्या चतुःसीमा सांगाव्यात तसं वाचलं. आई हसून हसून दमली. लाडीगोडीचा मजकूर आला की अण्णा खाकरायचे आणि दोन पानं एकदम उलटायचे.

"मधलं गाळलं तुम्ही," आई लगेच पकडायची. बिचारे मागं जाऊन, कान लाल करून वाचायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही. एकदाचं खरं सांगून का टाकत नाहीत? माझी तरी जीभ कुठं रेटत होती म्हणा.

शेवटच्या प्रकरणात नायिका आजारानं जाते. अण्णांनी ते आधीच चोरून वाचलं असावं. पुस्तकावरची नजर न हलवता ते म्हणाले, "तदनंतर औषधोपचाराने सदर नायिकेची प्रकृती पूर्ववत झाली."

आईनं मान त्यांच्याकडं वळवली. मग म्हणाली, "कादंबरीत 'सदर' कुठून आलं?"

अण्णांनी पुस्तक मिटलं.

"ती मरती. मला ठावं हाय. वाचा."

"न्हाई जमत गं."

"वीज पडून मेलेल्यांचे इतके पंचनामे केले, आन् एवढं वाचवंना?"

अण्णांनी पुन्हा पान काढलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी दारातच उभी होते. पुढं होऊन पुस्तक हातात घेणं मलाही जमलं नाही.

आईनं चाचपडत त्यांचा हात शोधला.

"डाक्टर काय म्हणला, ते मी गेल्यावर सांगणार का? आत्ता बोला की."