उस्तादाची काठवट माझ्या खरादावर

मंडळी, आज दुपारी गजूभाऊ माझ्या दारात आले. नांदुऱ्याला त्यांच्याच कारखान्यात मी खरादकाम, म्हणजे मशीनवर लाकूड फिरवून घडवायचं काम, शिकलो. मशीन सुरू करण्याआधी तडा असला तर फिरताना तुकडा उडेल, या भीतीनं मी प्रत्येक ओंडका पुन्हा पुन्हा तपासायचो, म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर हाकललं होतं. "असा भेकड आपल्याले नाही चालत बे. जाय घरी."

आज त्यांच्या टेम्पोत लग्नातल्या काठवटीसाठी, म्हणजे कणीक मळायच्या मोठ्या लाकडी परातीसाठी, सागाचा भला मोठा ओंडका होता. एवढं वजन चढवलं की त्यांचं हलकं मशीनच नाचतं. माझं मशीन जड आहे, काँक्रीटमध्ये बसवलेलं.

"करून दे बाबू. बुडाले माह्या कारखान्याची खूण टाकजो."

आमच्याकडे जो काठवट घडवतो, तो बुडाला आपली खूण कोरतो. मी ओंडका सावकाश तपासला. ते उन्हात उभे होते. मी खुर्ची दिली नाही. काठवट झाल्यावर बुडाला माझी खूण कोरली.

"हे काय केलं बे? गिऱ्हाइकाले काय सांगू आता?"

"सांगा, ज्याले हाकललं त्यानं केली."

ते काठवट टेम्पोत टाकून गेले. मला अजूनही बरं वाटतंय. आई मात्र म्हणते, उस्तादाला बसायला तरी द्यायचं होतं. तुम्ही दिलं असतं?